पद्मिनीचा पंखा आणि रेडिओची खरखर

आमची प्रीमियर पद्मिनी गाडी १९८४ची. बाबांनी नंबर लावून, वाट पाहून घेतलेली. आता ती माझ्याकडे आहे आणि डॅशबोर्डमधला मीडियम वेव्हचा रेडिओ अजून चालतो. रविवारी सकाळी गाडी बाहेर काढायची, ७९२ किलोहर्ट्झवर आकाशवाणी पुणे लावायचं आणि बाबांना शेजारी बसवून एक चक्कर मारून यायचं, हा आमचा नेम. तीन वर्षांपूर्वी गाडीला विजेवरचा पंखा बसवून घेतला आणि त्या नेमात खडा पडला. सिग्नलला गाडी थांबली, पाणी तापलं, पंखा सुरू झाला की बातम्या वाचणाऱ्या बाईंचा आवाज बुडून जायचा. आधी एक खालच्या पट्टीतली घरघर, मग पंख्याने वेग घेतला की ती चढत चढत शिट्टीसारखी व्हायची आणि तिच्यावर तव्यात मोहरी तडतडावी तशी खरखर. पंखा थांबला की बातम्या परत जागेवर.

“बंद करून टाक तो रेडिओ,” बाबा म्हणाले. मला ते पटेना. पुढचे दोन महिने मी या खरखरीच्या मागे लागले आणि त्यात जे हाती लागलं ते इथे सविस्तर लिहिते आहे. कारण जुन्या गाडीला विजेवरचा पंखा लावणारे बरेच जण आहेत आणि रेडिओ बिघडला म्हणून तो बदलणारेही बरेच.

आधी पंखा का बसवला ते सांगते. पद्मिनीचा मूळ पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. म्हणजे इंजिन जोरात तर पंखा जोरात, इंजिन हळू तर पंखाही हळू. पद्मिनी जिच्यापासून आली ती फियाट ११०० भारतात बनायला लागली त्या काळात हे चालून जायचं, कारण गाडी एकदा निघाली की पुढच्या वाऱ्यानेच रेडिएटर गार व्हायचा. आजच्या पुण्यात वीस मिनिटं पहिल्या गिअरमध्ये सरकायचं असतं. इंजिनाचे फेरे कमी, समोरून वारा नाही आणि पाणी मात्र तापत चाललेलं. म्हणून लोक रेडिएटरपुढे किंवा मागे एखाद्या छोट्या आधुनिक गाडीचा विजेवरचा पंखा बसवतात. पाणी ठरावीक तापमानाला पोचलं की थर्मोस्विच पंखा लावतो, पाणी उतरलं की बंद करतो. कल्पना चांगली आहे. फक्त ज्या गाडीची वायरिंग अशा पंख्यासाठी केलेलीच नव्हती, तिच्यात आपण आठ-नऊ अँपिअर ओढणारी मोटर आणून बसवतो, आणि ती कुठे, कशी जोडली यावर पुढचं सगळं ठरतं.

आता ही मोटर रेडिओत आवाज का करते?

पंख्याच्या मोटरमध्ये तांब्याच्या तारेची वेटोळी फिरत असतात. फिरणाऱ्या वेटोळ्याला वीज पोचवायला दोन कार्बन असतात, ते एका तांब्याच्या गोलावर घासत राहतात. हा गोल एकसंध नसतो. पोळपाटावर सुरीने रेघा ओढून फाका कराव्यात तसे त्याचे तुकडे असतात, प्रत्येक तुकडा वेगळ्या वेटोळ्याला जोडलेला. त्याला कॉम्युटेटर म्हणतात. मोटर फिरते तसा कार्बन एका तुकड्यावरून दुसऱ्यावर सरकतो, म्हणजे एका वेटोळ्याची वीज तुटते आणि दुसऱ्याला मिळते. गोम इथेच आहे. वेटोळ्यातून वाहणारी वीज एकदम थांबायला तयार नसते. शहर बसच्या ड्रायव्हरने कचकन ब्रेक मारला की उभे प्रवासी पुढे झेपावतात, तसंच ते. वाट तुटली तरी वीज पुढे जायला बघते, तुटलेल्या फटीत विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, क्षणभर फार चढतो आणि हवेतून ठिणगी उडते. समजा मोटर मिनिटाला २४०० फेरे फिरते आहे आणि कॉम्युटेटरला १२ तुकडे आहेत. सेकंदाला ४० फेरे, प्रत्येक फेऱ्यात १२ बदल, म्हणजे सेकंदाला ४८० वेळा ही तोडजोड. शिट्टीचा सूर इथूनच येतो. पंखा वेग घेताना सूर चढतो, कारण सेकंदाला होणारी तोडजोड वाढते.

आणि मोहरीची तडतड? ती ठिणग्यांची. ठिणगी हे पृथ्वीवरचं सगळ्यात पहिलं रेडिओ केंद्र म्हणायला हरकत नाही. हाइनरिक हर्ट्झने १८८०च्या दशकात रेडिओ लहरी सिद्ध केल्या त्या ठिणग्या पाडूनच, आणि आपले जगदीशचंद्र बोस कोलकात्यात १८९०च्या दशकात भिंतीपलीकडे घंटा वाजवून दाखवत होते तेही ठिणगीच्याच लहरींनी. ठिणगीची लहर एका ठरावीक जागी बसत नाही, ती सगळ्या पट्ट्यावर पसरते. त्यामुळे रेडिओचा काटा कुठेही फिरवा, खरखर तिथे हजर. मीडियम वेव्हला, म्हणजे एएमला, हा त्रास जास्त होतो, कारण तिथे गाणं आणि बोलणं लहरीच्या उंचीत भरलेलं असतं. ठिणगी त्या उंचीतच भर घालते आणि रेडिओला कळत नाही की ही निवेदिका की मोटर. एफएममध्ये आवाज लहरीच्या उंचीत नसतो, तिच्या कंपनसंख्येच्या हेलकाव्यात असतो, म्हणून तिथला रेडिओ वरचे टोक छाटून टाकू शकतो. ‘एफएमवर तर काही होत नाही, मग एएमचंच काहीतरी बिघडलंय’ असं गॅरेजमध्ये ऐकवतात, ते म्हणून चुकीचं आहे.

माझी पहिली चूक अशी झाली की मी थेट दुकान गाठलं. नॉइज फिल्टर म्हणून एक डबी मिळते, ती रेडिओच्या वायरीत लावली. शिट्टी थोडी उतरली, तडतड तशीच. मग कळलं की आवाज येतो कुठून आणि कोणत्या वाटेने, हे न बघता औषध दिलं तर असंच होणार.

म्हणून पहिली गोष्ट, गुन्हेगार पंखाच आहे ना हे पक्कं करायचं. इंजिन बंद ठेवा, फक्त चावी फिरवून रेडिओ लावा आणि थर्मोस्विचच्या दोन वायरी एकमेकींना जोडून पंखा सुरू करा. हात, बाही, ओढणी पात्यांपासून लांब. आवाज आला तर पंखा. नाही आला आणि इंजिन चालू असतानाच येतो, तर आवाज नीट ऐका. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की चढणारी बारीक शिट्टी असेल तर अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणारं यंत्र. इंजिनाच्या तालावर टक-टक-टक असेल तर स्पार्क प्लगच्या वायरी आणि इग्निशनचे पॉइंट. या दोन्हींचा पंख्याशी संबंध नाही, त्यांचे इलाज वेगळे. माझ्या गाडीत पंखा एकटा वाजवत होता.

दुसरी गोष्ट, वाट. आवाज रेडिओपर्यंत दोनच वाटांनी येऊ शकतो: वायरीतून, किंवा हवेतून अँटेनावर. ओळखायची युक्ती सोपी आहे. पंखा आणि रेडिओ चालू ठेवा आणि रेडिओच्या मागून अँटेनाची पिन उपसा. आवाज पूर्ण गेला तर तो अँटेनाने येत होता. तसाच राहिला तर रेडिओला वीज देणाऱ्या वायरीतून किंवा अर्थिंगमधून. माझ्याकडे पिन काढल्यावर तडतड गेली, शिट्टी अर्धी राहिली. म्हणजे दोन्ही वाटा उघड्या होत्या, आणि डबीने शिट्टीच का थोडी उतरवली हेही उलगडलं.

तिसरं हत्यार माझ्या आईच्या स्वयंपाकघरातून आलं. तिचा जुना हातातला ट्रान्झिस्टर. तो मीडियम वेव्हवर ६०० किलोहर्ट्झच्या आसपास जिथे कुठलंच स्टेशन नाही तिथे लावायचा, आवाज मोठा करायचा, पंखा सुरू करायचा आणि ट्रान्झिस्टर हातात धरून बॉनेटखाली फिरायचं. डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपसारखा तो वापरता येतो. पंख्याच्या मोटरपाशी खरखर जोरात येणार हे उघडच होतं. पण मला अचंबा वाटला तो वेगळ्याच ठिकाणी. मोटरपासून दोन फूट लांब, रेडिएटरच्या पत्र्याच्या उजव्या कोपऱ्यात, जिथे पंख्याची काळी वायर एका स्क्रूने बॉडीला जोडलेली होती, तिथे ट्रान्झिस्टर जवळजवळ तितकाच ओरडत होता. तिथून फेंडरच्या कडेने अँटेनापर्यंत आवाज जेमतेम उतरत होता. खरखर मोटरमध्ये जन्मत होती, पण गाडीभर हिंडत होती ती त्या स्क्रूपासून.

इथे जरा थांबून अर्थिंग म्हणजे काय ते बोलायला हवं, कारण माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचा गाभा तोच आहे.

बॅटरीच्या पॉझिटिव्हमधून जेवढी वीज निघते तेवढीच निगेटिव्हला परत यावी लागते. थेंबभर कमी नाही, जास्त नाही. पंख्याकडे साडेआठ अँपिअर जात असतील तर साडेआठ अँपिअर परत येणार. जाण्याच्या वाटेवर आपण लाल वायर टाकतो, फ्यूज लावतो, रिले लावतो, टेप गुंडाळतो. परतीच्या वाटेला मात्र ‘बॉडीला अर्थ दे’ एवढंच म्हणतो आणि सोडून देतो. गाडीची पत्र्याची बॉडी ही परतीची वायर आहे, आणि तिच्यात जोड आहेत, गंज आहे, चाळीस वर्षांत तीनदा मारलेला रंग आहे. शिवाय त्याच बॉडीवर रेडिओची अर्थ आहे, अँटेनाची आहे, मीटरच्या सेन्सरची आहे. पंख्याची वीज त्या सगळ्यांच्या दारावरून परत जाते. वाट मोकळी असेल तर कोणाला पत्ता लागत नाही. अरुंद असेल तर तिथे दाब तयार होतो, आणि मोटरच्या तोडजोडीबरोबर तो दाब सेकंदाला शेकडो वेळा हलतो. रेडिओ ज्या जमिनीला शून्य समजून बसलेला असतो ती जमीनच थरथरायला लागते.

हे मोजता येतं, आणि त्यासाठी दोन-तीनशे रुपयांचा मल्टिमीटर पुरतो. फक्त एक सवय सोडावी लागते. बहुतेक जण मीटर ओहमवर, म्हणजे विजेच्या अडथळ्याच्या मापावर लावून, वायरीचं एक टोक इकडे एक तिकडे धरून ‘बीप’ ऐकतात आणि अर्थ चांगली आहे म्हणतात. पण वायरीचा एकच तंतू शिल्लक असला तरी बीप वाजते. मीटर विजेचा इतका बारीक धागा सोडतो की त्याला एक तंतूही पुरतो. आणि स्वस्त मीटरच्या स्वतःच्या वायरींतच दशांश दोन-तीन ओहम असतात, तर आपल्याला पकडायचा असतो दशांश एक. म्हणून काम चालू असताना मोजायचं. मीटर दोन व्होल्टच्या डीसी पट्टीवर, काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, अगदी शिशाच्या खांबावरच, केबलच्या क्लॅम्पवर नाही. लाल टोक पंख्याच्या निगेटिव्ह वायरीला, मोटरपाशी. मग पंखा सुरू करायचा. आकडा दशांश एक-दोन व्होल्टच्या आत असेल तर वाट ठीक. माझ्या मीटरवर ०.९२ आला.

साडेआठ अँपिअरला ०.९२ व्होल्ट, म्हणजे परतीच्या वाटेत ०.११ ओहमची आडकाठी. ऐकायला किरकोळ. पण अँटेनातून रेडिओला जो संदेश मिळतो तो साधारण मिलिव्होल्टच्या घरात, दूरचं स्टेशन असेल तर त्याहून कितीतरी कमी. त्या जमिनीवर जवळजवळ एक व्होल्ट नाचतोय. त्यातला दहा-वीस टक्के भाग जरी थरथरता असला तरी निवेदिकेच्या आवाजाच्या शंभरपट झाला.

जाण्याच्या वाटेवरही तसंच मोजलं, बॅटरीचा पॉझिटिव्ह खांब ते पंख्याची लाल वायर, तिथे ०.६. दोन्ही मिळून दीड व्होल्ट वाटेतच खर्च होत होते. बॅटरी १२.३ दाखवत होती आणि पंख्याला मिळत होते १०.८. म्हणजे पंखा हळू फिरत होता, त्यामुळे जास्त वेळ चालत होता, त्यामुळे रेडिओही जास्त वेळ खरखरत होता. शिवाय मी नंतर बसवलेला विजेवरचा टेंपरेचर मीटर पंखा सुरू होताच काटा जरासा हलवायचा. पाणी एका क्षणात तापत नाही. तो काटा मला पहिल्या दिवसापासून अर्थिंगचीच तक्रार सांगत होता, मला ती वाचता येत नव्हती.

बॅटरीची निगेटिव्ह केबल काढली आणि तो स्क्रू उघडला. घरी लाकडाला मारतात तसला पत्र्याचा आखूड स्क्रू, थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाचं धातूचं कडं, त्याच्या डोक्याखाली. स्क्रू सैल नव्हता, चांगला आवळलेला होता. थिंबल बाजूला केल्यावर खाली पत्रा दिसायला हवा होता. दिसला तो आधी निळा रंग, त्याखाली पिवळट प्रायमर, त्याखाली आणखी एक जुना पांढरा थर. रंग कोणी खरवडलाच नव्हता. साडेआठ अँपिअर वीज जात होती ती फक्त स्क्रूच्या आट्यांतून, आणि आट्यांवर गंजाची लालसर पूड, नखाने उकरली की निघेल अशी. थिंबलच्या आतली वायर ओढून पाहिली तर अर्धे तंतू हातात आले. पक्कडीने नुसतं चेपलेलं होतं, आणि पुण्याच्या दोन पावसाळ्यांत आत हिरवं झालेलं. हे काम ज्या गॅरेजमध्ये करून घेतलं होतं तिथे पंखा फिरला, पैसे दिले, मी निघाले. दोष त्यांचा आहेच, पण मीही फक्त पंखा फिरतो का एवढंच पाहिलं होतं.

दुरुस्ती अशी केली. बॉडीचा नाद सोडला. पंख्याच्या निगेटिव्हपासून थेट बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर टाकली, जाणाऱ्या वायरीइतकीच जाड. या जाडीच्या वायरीत मीटरमागे साधारण सात हजारांश ओहम असतात, दीड मीटरला धरून दशांश एक व्होल्टच्या आत काम होतं. आणि जाणारी-येणारी अशा दोन्ही वायरी एकमेकींभोवती पिळून नेल्या, वेणीसारख्या. याचं कारण आहे. दोन्हींमधून वीज उलट दिशांनी जाते, त्यामुळे त्यांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना खाऊन टाकतात. पूर्वी लाल वायर डावीकडून यायची आणि परतीची वाट उजव्या कोपऱ्यातल्या पत्र्यातून, म्हणजे पूर्ण बॉनेटखालच्या जागेला विजेचा एक मोठा फेरा पडला होता. मोठा फेरा म्हणजे मोठी अँटेना, आणि पंखा त्यावरून आपली खरखर प्रक्षेपित करत होता. पीळ घातला की तो फेरा मिटतो.

थिंबल चेपून वर सोल्डर केलं, उष्णतेने आकसणारी नळी चढवली. बॅटरीपाशी फ्यूज, खांबापासून वीतभर अंतरात, कारण फ्यूजच्या अलीकडची वायर घासली गेली तर तिला वाचवणारं कोणी नसतं. पद्मिनीच्या मूळ फ्यूजबॉक्समधून पंखा घेऊ नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ते चिनी मातीचे, बंदुकीच्या गोळीसारखे फ्यूज नुसत्या स्प्रिंगच्या दाबावर बसतात, टोकं काळी पडतात, तापतात. हातासरशी इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी विणलेली पट्टीही काढून, दोन्ही टोकांना चकाकता पत्रा दिसेपर्यंत घासून, दातेरी वॉशर घालून बसवली आणि वरून व्हॅसलीन लावलं. आधी घासायचं, आवळायचं, मग व्हॅसलीन, उलटं नाही.

परत मोजलं. निगेटिव्ह बाजू ०.११, पॉझिटिव्ह ०.२. पंख्याचा आवाजच बदलला, पाती वारा कापत असल्यासारखी वाजायला लागली. रेडिओवरची शिट्टी जवळजवळ गेली. टेंपरेचरचा काटा हलायचा थांबला. अजून एकही फिल्टर लावलेला नव्हता.

उरली तडतड. आता कंडेन्सरची वेळ आली, ज्याला नवे लोक कपॅसिटर म्हणतात. तपकीर गल्लीत १०४ लिहिलेले सिरॅमिक कपॅसिटर दोन-चार रुपयांना मिळतात. १०४ म्हणजे १०च्या पुढे चार शून्यं, पिकोफॅरडमध्ये. सरळ भाषेत ०.१ मायक्रोफॅरड. शंभर व्होल्टचे घ्या, गाडीत बारा व्होल्टच्या वायरीवर मधूनच उंच झटके येतात. एक मोटरच्या पॉझिटिव्हपासून मोटरच्या लोखंडी डब्याला, एक निगेटिव्हपासून डब्याला, एक दोन्हींच्या मध्ये. काम काय? ठिणगीच्या लहरींना जन्मल्या जागीच परतीची आखूड वाट देणं, म्हणजे त्या वायरीवर चढून गाडीभर जात नाहीत. दहा लाख कंपनांच्या, म्हणजे साधारण मीडियम वेव्हच्या लहरीला हा कपॅसिटर जेमतेम दीड ओहमची अडचण देतो, आणि बॅटरीच्या सरळ विजेला पूर्ण बंद दार.

पण पाय आखूड हवेत. ही गोष्ट मला दोनदा करून कळली. पहिल्यांदा मी कपॅसिटर सोयीच्या जागी, वायरीच्या कनेक्टरपाशी, मोटरपासून वीतभर लांब लावले. फरक किरकोळ पडला. वायर ही सुद्धा थोडीशी वेटोळ्यासारखी वागते. मिलिमीटरमागे साधारण एक नॅनोहेन्री (हे त्या वेटोळेपणाचं माप). दहा सेंटिमीटरच्या पायात मीडियम वेव्हला अर्ध्या ओहमहून जास्त अडचण येते, एफएमच्या पट्ट्यात तर साठ ओहमच्या वर, म्हणजे कपॅसिटर असून नसल्यासारखा. मग पंखा उतरवला, डब्याचा रंग रुपयाएवढा खरवडला, कपॅसिटरचे पाय सेंटिमीटरभर ठेवून थेट मोटरच्या टर्मिनलवर सोल्डर केले. तेच दोन-चार रुपयांचे कपॅसिटर, फक्त जागा बदलली, आणि तडतड इतकी खाली गेली की बोलणं स्पष्ट ऐकू यायला लागलं.

पंखा उतरवलाच होता म्हणून कार्बनही पाहिले. माझी मोटर उघडता येण्यासारखी होती. बऱ्याच मोटरींचा डबा चेपून बंद केलेला असतो, त्या उघडायच्या भानगडीत पडू नये. कार्बन एका बाजूला तिरपे झिजलेले, कॉम्युटेटरच्या तुकड्यांमधल्या फटी काळ्या पुडीने भरलेल्या. पूड विजेला वाट देते, म्हणजे ठिणग्या वाढतात. जुन्या टूथब्रशने आणि स्पिरिटने फटी साफ केल्या, तांब्यावर झिरो नंबरचा पॉलिश पेपर हलकेच फिरवला, नाना पेठेतून नवे कार्बन आणले. नवे कार्बन बसायला थोडा वेळ घेतात. पहिले काही तास खरखर उलट जास्त वाटू शकते, घाबरू नका.

एक आवाज मात्र अजून होता: पंखा बंद होताना ‘ठप्प’. एकच, पण कानात बसणारा. तो मोटरचा नव्हता, रिलेचा होता. रिलेमध्ये बारीक तारेचं वेटोळं असतं, ते छोट्या विजेवर मोठा स्विच ओढतं. थर्मोस्विचने त्याची वीज तोडली की पुन्हा तीच बसमधल्या प्रवाशांची गत, दाब शंभर व्होल्टच्याही वर उसळतो आणि थर्मोस्विचच्या टोकांवर ठिणगी पडते. उपाय एक रुपयाचा, वन-एन-४००७ डायोड, रिलेच्या ८५ आणि ८६ या टोकांमध्ये. डायोडच्या अंगावर चंदेरी पट्टा असतो, तो पॉझिटिव्हकडे हवा. उलटा लावलात तर रिलेला वीज मिळताक्षणी डायोड जळतो किंवा फ्यूज उडतो. आतच डायोड असलेले रिलेही मिळतात, त्यांची ८५-८६ची अदलाबदल करता येत नाही. आणि ज्यांनी रिले न लावता पंख्याची पूर्ण वीज थर्मोस्विचमधूनच नेली आहे, त्यांनी आधी रिले बसवावा. साडेआठ अँपिअर तोडून तोडून त्या स्विचची टोकं खड्डे पडून चिकटतात, मग पंखा बंदच होत नाही किंवा लागतच नाही. रेडिओचं राहू द्या, घाटात इंजिन हातचं जाईल.

अल्टरनेटरऐवजी डायनमो असलेल्या जुन्या गाड्यांसाठी थोडं वेगळं सांगायला हवं. डायनमो हळू फिरताना जवळजवळ काहीच देत नाही, आणि पंखा लागतो तो नेमका सिग्नलला, इंजिन हळू असताना. म्हणजे पंख्याची सगळी वीज बॅटरीतून जाते, आणि कटआउटची, म्हणजे डायनमो बॅटरीला जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचची, टोकं अशा वेळी उघडझाप करतात, ठिणग्यांसह. इंजिनाचे फेरे जरा वाढवल्यावर जी खरखर नाहीशी होते ती बहुतेक कटआउटची असते. डायनमोला कंडेन्सर लावायचा तर तो आर्मेचरच्या मोठ्या टोकाला. एफ लिहिलेल्या फील्डच्या टोकाला कधीच नाही, नाहीतर रेग्युलेटरचे पॉइंट जळून जातात.

शेवटी अँटेना. फेंडरखाली हात घालून पाहिलं तर अँटेनाच्या बुडाशी, जिथे केबलची बाहेरची जाळी पत्र्याला टेकायला हवी, तिथे मातीचा आणि गंजाचा थर. जाळी त्या टोकाला सुटली की केबल आतल्या तारेचं रक्षण करायचं सोडून स्वतःच आवाज गोळा करत बसते, आणि ती जाते नेमकी इंजिनाच्या भिंतीतून. साफ केलं, घट्ट केलं. जुन्या रेडिओंना अँटेनाच्या खाचेशेजारी एक बारीक स्क्रू असतो, ट्रिमर. १४०० किलोहर्ट्झच्या आसपासचं एखादं मंद स्टेशन लावून तो हळूहळू फिरवायचा आणि आवाज सर्वात मोठा येईल तिथे सोडायचा. आमच्या रेडिओचा तो बहुधा १९८४नंतर कोणी हलवलाच नसावा. अर्धा वळसा दिला आणि ७९२ असं उघडलं की बाबांनी मला आवाज कमी करायला सांगितलं.

मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून उतरली. आता ज्या उरल्या आहेत त्या अशाच, घरोघरी, कोणाच्या तरी रविवारसाठी. त्या मूळ वायरिंगचे मिस्त्रीही कमी होत चालले आहेत, त्यामुळे हे काम मालकाने स्वतः मोजता येण्याइतकं तरी शिकावं असं मला मनापासून वाटतं.

दसऱ्याला गाडीला हार घालण्याच्या आदल्या दिवशी मी मल्टिमीटर काढते. पावसाळा नुकताच संपलेला असतो, गंजाला जेवढं खायचं तेवढं खाऊन झालेलं असतं. पंखा लावायचा, काळं टोक बॅटरीच्या खांबावर, लाल पंख्यापाशी, आणि आकडा डिकीतल्या वहीत लिहायचा. पहिल्या वर्षी ०.११ होता, गेल्या वर्षी ०.१२, यंदा ०.१४. ०.२च्या वर गेला की थिंबल काढून घासायची.